बोलीतली माणसं : खुशालचेंडू

मागच्या आठवड्यात आपण 'उडाणटप्पू' पाहिला. त्याच्याच आळीतला, पण त्याच्याहून कितीतरी लाडका गडी म्हणजे खुशालचेंडू. 'खुशाल' फारसीतून आला. 'खुश' म्हणजे आनंदी, 'हाल' म्हणजे स्थिती. आपल्या लोकांनी त्याला चेंडू जोडला आणि माणूस डोळ्यांपुढे उभा केला. टोलवावं तिकडे जाणारा, पडला तरी उसळणारा, एका जागी न टिकणारा.

खरी गंमत बोलणाऱ्याच्या सुरात आहे. ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या एखाद्या मराठी घरात आई म्हणेल, "बहिणीचं लग्न चार दिवसांवर आलंय, आणि आमचा खुशालचेंडू मेळ्यात हिंडतोय!" त्या 'आमचा'मध्ये अर्धा राग विरघळतो. हाच शब्द सासऱ्याने जावयाबद्दल काढला, तर प्रकरण गंभीर समजावं. वडीलधाऱ्यांना तोंडावर कुणी खुशालचेंडू म्हणत नाही. बायकांनाही तो सहसा लावत नाहीत. बेफिकिरीची मुभा कुणाला होती ते त्यातून दिसतं, आणि मला ते खटकतं.

शेजारच्या हिंदीतला 'मनमौजी' जवळचा वाटतो, पण तो आपल्या मर्जीचा मालक. खुशालचेंडूची मर्जीही ठाम नसते. 'रंगेल' म्हटलं की बाई-बाटलीचा वास येतो. त्या मानाने हा निरागस.

मग ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे, म्हणजे माधो महाराज (1876–1925), खुशालचेंडू होते का? थट्टामस्करीसाठी ते प्रसिद्ध होते. जयविलास महालात जेवणाच्या टेबलावर रूळ टाकून त्यांनी चांदीची आगगाडी फिरवली. पाहुण्यांपुढून ती मद्य आणि चिरूट घेऊन जायची. सुरई उचलली की थांबायची, परत ठेवली की चालू लागायची. पण एवढ्यावरून त्यांना खुशालचेंडू म्हणणं मला साफ चुकीचं वाटतं. आगगाडीचं हेच वेड त्यांनी 2 फूट रुंदीच्या ग्वाल्हेर लाइट रेल्वेपर्यंत नेलं, आणि ती श्योपूरपर्यंत सुमारे 200 किलोमीटर पोचली. 1905 मध्ये ग्वाल्हेरचा मेळा त्यांनीच सुरू केला. तिघराचं धरण त्यांच्याच कारकिर्दीतलं, 1916 चं. अशा माणसाला मराठीत 'हौशी' म्हणतात. हौशी माणूस मौजेपायी खपतो. खुशालचेंडू दुसऱ्याने मांडलेल्या मौजेत जाऊन बसतो. महाराजांनी मेळा भरवला, त्या आईचा मुलगा त्यात हिंडतोय.

हल्लीची मुलं अशा माणसाला 'चिल' म्हणतात. त्यात कौतुक आहे, पण कान धरणं नाही. खुशालचेंडूत दोन्ही आहे, म्हणून तो घरात बोलला जायला हवा. पुढच्या आठवड्यात 'रंगेल', सविस्तर.