पाचशे लिटर

"पाचशे लिटर म्हणजे पाचशे किलो. अर्धा टन. आधी ते डोक्यात घ्या, मंग बाकीचं सामान बोला," मिस्त्रीकाका म्हणाले आणि पिकअपच्या हौद्यात खडूने आणखी एक रेघ मारली.

कामठी रोडवर, ऑटोमोटिव्ह चौकाजवळच्या एका गल्लीत त्यांचं वर्कशॉप आहे. बाहेर ट्रकांच्या केबिन, जुने पाटे, टायर. आत एक सेकंडहँड बोलेरो पिकअप उभी होती. तिचा मालक सत्ताविशीतला तरुण. एका शोरूमच्या वॉशिंग रॅम्पवर काही वर्षं काम केल्यावर त्याने ठरवलं, की आता आपणच लोकांच्या दारात जाऊन गाड्या धुवायच्या, आतून साफ करायच्या, पॉलिश करायच्या. पाणी, वीज, पंप, सगळं आपल्याच गाडीवर. गिऱ्हाइकाने फक्त किल्ली द्यायची.

मी तिथे गेले ती पाण्यासाठी. २०१९च्या जुलैत नागपूरकरांना दिवसाआड पाणी मिळालं होतं. तोतलाडोहचा साठा तळाला गेलेला, वर मध्य प्रदेशात चौराई धरण झालेलं, आणि पेंचवर विसंबलेलं शहर बादल्या भरून ठेवत होतं. ते दिवस ज्याने काढले, त्याला सोसायटीत दर रविवारी उघडा पाइप जमिनीवर टाकून गाडी पुसत बसलेला माणूस बघवत नाही. साध्या अर्धा इंची नळाला बरा दाब असला तर मिनिटाला पंधरा लिटर सहज जातात. दहा मिनिटांत दीडशे, तेही एका गाडीला. म्हणून विचारायचं होतं, की पाणी स्वतः वाहून आणणारा माणूस एका गाडीला किती वापरतो?

"चाळीस. फार मळलेली असली तर पन्नास," मालक म्हणाला. त्याच्या पंपातून मिनिटाला साडेसहा लिटरच्या आसपास पाणी निघतं, पण दाब शंभर बारच्या वर. ट्रिगर एकूण सहा मिनिटं दाबला तर चाळीस लिटर होतात. मधला सगळा वेळ फेस, ब्रश आणि मायक्रोफायबरच्या कापडाचा. पाचशे लिटरमध्ये दहा गाड्या.

हा पाचशेचा आकडा सुरुवातीला मालकाच्या मनात नव्हता. त्याला हजार लिटरची प्लास्टिकची टाकी हवी होती, आणि त्याआधी तर छोटा हत्ती घ्यायचा विचार होता. मिस्त्रीकाकांनी दोन्ही गोष्टी मोडून काढल्या. छोटा हत्ती म्हणजे टाटा एस, तिच्या नेहमीच्या मॉडेलवर साडेसातशे किलोच्या आसपास माल चालतो. त्यात पाचशे किलो पाणी, साठ-सत्तर किलोची टाकी, जनरेटर, पंप, व्हॅक्यूम, रील, बादल्या, केमिकलचे कॅन आणि सोबतचा पोरगा, म्हणजे पहिल्या दिवसापासून पाटे ताणलेले. पिकअपवर तेराशे किलोपर्यंत जागा मिळते. मग हजार लिटर का नाही? याचं उत्तर त्यांनी बोलून दिलं नाही. वर्कशॉपमधला एक चौकोनी डबा अर्धा पाण्याने भरला, हातगाडीवर ठेवला, ढकलला आणि एकदम थांबवला. पाणी पुढच्या भिंतीवर आपटलं, उसळून बाहेर आलं आणि हातगाडी वीतभर पुढे सरकली.

"पायलं? गाडी थांबते, पाणी थांबत नाही. भरलेली टाकी चालते, रिकामी चालते. अर्धी टाकी माणूस मारते ताई."

तीन गाड्या धुतल्या की पाव टाकी रिकामी होते, पाण्याला उसळायला जागा मिळते, म्हणजे दिवसातला बहुतेक प्रवास याच धोक्यात. वळणावर तेच पाणी एका बाजूला धावतं. म्हणून टाकीच्या आत पडदे हवेत, आणि बाजारातल्या प्लास्टिकच्या टाकीत ते नसतात. काकांनी टाकी स्टीलच्या पत्र्याची केली, आत दोन आडवे पडदे बसवले. प्रत्येक पडद्याला मुठीएवढी भोकं, खालचे कोपरे कापलेले. पाणी एका खणातून दुसऱ्यात जाईल, पण सगळं एकदम धावणार नाही.

हे पडदे बसवताना मी जवळ बसले होते. आर्गन वेल्डिंगला ठिणग्या जवळपास उडतच नाहीत. बारीक निळसर ज्योत, हलका फुसफुस आवाज आणि तापलेल्या धातूचा घशात बसणारा वास. काकांचं डोकं टाकीच्या तोंडातून आत, एक हात गनवर, दुसऱ्यात भरणीची तार. सांधा पूर्ण झाला की काच वर करून ते त्यावरून बोट फिरवायचे, हातमोजा काढून, आणि धातू पुरता निवलेला नसायचा. एका ठिकाणी बोट अडलं. तेवढा दोन इंचांचा टाका त्यांनी ग्राइंडरने खरवडून काढला आणि पुन्हा मारला. टाकी बंद झाल्यावर तो सांधा कोणाला दिसणार नव्हता. मालकाने "चालते ना काका" म्हणून पाहिलं. काकांनी उत्तर दिलं नाही. या गाडीवर पुढे मोठ्या अक्षरांत नाव लागेल, फेसाचे फोटो निघतील, पण तिची लायकी ठरली ती त्या दोन इंचांवर, असं मला ठामपणे वाटतं.

टाकी ठेवली केबिनला लागून, मागच्या अ‍ॅक्सलच्या पुढे. वजन अ‍ॅक्सलच्या मागे गेलं तर पुढची चाकं हलकी होतात आणि स्टेअरिंग हातात राहत नाही. चेसिसला एकही टाका मारला नाही, सगळं रबर पॅडवर, क्लॅम्प आणि नट-बोल्टने. चेसिस वेल्डिंगने तापला की त्याची ताकद जाते हे एक कारण. दुसरं म्हणजे मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम. नोंदणीतला तपशील बदलेल असा फेरफार गाडीत परस्पर करता येत नाही. पिवळ्या पाटीच्या गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दर वर्षी फिटनेससाठी उभं राहावं लागतं. तेव्हा सामान उतरवता आलं पाहिजे.

जनरेटर, पंप आणि व्हॅक्यूम मागच्या बाजूला बसले. पंपाची मोटर सुरू होताना नेहमीच्या चालण्यापेक्षा कितीतरी जास्त करंट ओढते, म्हणून जनरेटर तीन केव्हीएचा. पाण्यात उभं राहून वीज वापरायची असल्याने इलेक्ट्रिशियनने तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच वीज तोडणारा स्विच, लावला आणि सगळे सॉकेट कमरेच्या वर घेतले. तीस मीटरच्या पाइपाचं रील मात्र मालकाने हट्टाने घेतलं. मनीषनगर, बेसा या बाजूच्या नव्या स्कीममध्ये पार्किंग तळघरात. तिथे पिकअप शिरली तरी जनरेटर आत चालवायचा नाही, धूर साठून जीव जातो. गाडी उतारावर वरच उभी ठेवायची आणि पाइप खाली न्यायचा.

मग नागपूरचं ऊन. २३ मे २०१३ला इथे ४७.९ अंश नोंदले गेले. एरवीच्या उन्हाळ्यातही दुपारी बॉनेटवर हात ठेवता येत नाही. अशा पत्र्यावर शाम्पू लावला तर धुण्याआधीच वाळतो आणि पाण्यातले क्षार पांढरे ठिपके होऊन बसतात. काळ्या गाडीवर ते लांबून दिसतात. मालक टाकी भरतो ती नातेवाइकाच्या प्लॉटवरच्या बोअरच्या जड पाण्याने, म्हणून मध्ये सॉफ्टनर लावला आहे. सॉफ्टनरने क्षार जात नाहीत. कॅल्शियमच्या जागी सोडियम येतं आणि डाग पुसला तर निघतो, एवढंच. शेवटच्या धारेसाठी तो आरओच्या पाण्याचे दोन कॅन वेगळे ठेवतो. आणि उन्हाळ्यात काम सकाळी सहा ते नऊ, नाहीतर सूर्य कलल्यावर.

उत्तर नागपूरच्या गाड्यांची गोष्ट निराळी. कोराडी-खापरखेड्याच्या औष्णिक वीजकेंद्रांच्या बाजूने वारा आला की काचेवर राखेचा थर बसतो. या राखेत सिलिका असते. सकाळी वॉचमन कोरड्या फडक्याने ती पुसतो तेव्हा गाडी स्वच्छ होत नाही, तिच्यावर हजारो बारीक ओरखडे उठतात. उन्हात गोल गोल रेषा दिसतात त्या याच. आधी फेस, मग लांबून धार, हात सगळ्यांत शेवटी. सिरॅमिक कोटिंगचं काम मात्र मालक रस्त्यावर घेत नाही. धुळीत ते नीट होत नाही असं तो गिऱ्हाइकाला तोंडावर सांगतो. त्या कामात पैसा जास्त आहे, त्याच्या डोक्यावर कर्ज आहे, तरी सांगतो.

एका प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नव्हतं. धुतलेलं पाणी जातं कुठे? सोसायटीच्या गटारात, तिथून नाल्यात, नाग नदीत. नाग नदी कन्हानला मिळते आणि पुढे ते सगळं गोसीखुर्दच्या जलाशयापर्यंत पोचतं. चाळीस लिटर म्हणजे कमी घाण हे खरं, पण साबण आणि तेल त्यात आहेच. खाली अंथरायची कडा उचललेली रबरी चटई मिळते, तिच्यात पाणी अडवून परत ओढता येतं. तिची किंमत त्याने काढून ठेवली आहे. ती त्याने पॉलिश मशीनच्या आधी घ्यावी असं मी त्याला म्हटलं, आणि अजूनही माझं तेच म्हणणं आहे.

दसऱ्याच्या आधी गाडी रस्त्यावर आली. नागपुरात दसऱ्याला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात, आजूबाजूचे रस्ते बंद असतात. त्यामुळे सगळी मागणी आदल्या दिवशी. पूजेला गाडी धुतलेली हवी म्हणून त्याच्याकडे एकोणीस नावं आली. तो थेट वर्कशॉपमध्ये. टाकीच्या मागे अजून दोनशे लिटरचा ड्रम बांधून द्या, एका दिवसापुरता.

काका दुसऱ्याच एका गाडीखाली झोपले होते. तिथूनच म्हणाले, "पाचशे म्हणजे पाचशे. दुपारी जा, अजून एकदा भर."

"त्यात दीड तास जाते ना काका."

"मंग दोन गाड्या सोड."

त्याने वहीतून तीन नावं खोडली, सकाळी आठ आणि जेवणानंतर आठ अशी वाटणी केली, आणि ज्यांना नाही म्हणायचं होतं त्यांना वर्कशॉपच्या दारात उभं राहूनच फोन लावला.