मॅटच्या कडेला आई

श्रीगोंद्यातल्या या हॉलमध्ये सकाळपासून वजनं चालू आहेत. तालुकास्तरीय शालेय कुस्ती, चौदा वर्षांखालच्या मुली. दाराशी इलेक्ट्रॉनिक काटा, शेजारी टेबल, टेबलावर शाळांचे शिक्के मारलेले प्रवेश अर्ज. एक क्रीडाशिक्षिका प्रत्येक मुलीचे हात उलटसुलट करून नखं बघते आहे. वाढलेली दिसली की नेलकटर पुढे करते. बाहेर भुरभुर पाऊस आहे. जीप, टेम्पो, मोटरसायकली मिळेल तशा लागल्या आहेत. एका मोटरसायकलला मागे लिंबाची अर्धी गोणी तशीच बांधलेली आहे. बाप आधी मुलीला सोडायला आलाय, मग बाजारात जाणार आहे.

मुली भिंतीला टेकून बसल्या आहेत. वजन होईपर्यंत कुणी पोटभर खाल्लेलं नाही, त्यामुळे काट्यावरून उतरली की प्रत्येकीचा हात आधी डब्याकडे जातो. 36 किलोच्या गटात एक मुलगी जेमतेम बसली आहे. तिला केळं मिळतं, आणि ती ते दोन घासांत संपवते.

पुरुषांची गर्दी उजव्या भिंतीला आहे. बाप, मामा, चुलते, दोन-तीन वस्ताद. त्यातल्या निम्म्यांचे कान कुस्तीनं मोडलेले. मी त्यांचं बोलणं ऐकत उभा राहतो. विषय दोनच आहेत, खुराक आणि प्रमाणपत्र. बदामाचा भाव, म्हशीचं दूध घरचं की विकतचं, आणि मग, "राज्याला गेली ना, की पाच टक्क्यांत बसती." हे पाच टक्के म्हणजे सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं आरक्षण. त्यासाठी राज्य किंवा राष्ट्रीय पातळीवरची कामगिरी लागते. तालुक्याच्या कागदावर काही मिळत नाही, हे इथल्या प्रत्येक बापाला पाठ आहे. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य हा चढ त्यांच्या डोक्यात पक्का बसलेला आहे. दहावी-बारावीला सवलतीचे गुण, पुढं पोलीस भरती. पाऊस आणि कुकडीच्या कालव्याचं आवर्तन यांच्या भरवशावर ज्यांचं वर्ष जातं, ते लेकीच्या खेळात पगाराची वाट शोधत असतील, तर त्यांना नावं ठेवायला मी धजत नाही.

आणि वाट दिसते आहे, हेही खरं. याच श्रीगोंदा तालुक्यातली भाग्यश्री फंड 2025 मध्ये महिला महाराष्ट्र केसरी झाली. ही स्पर्धाच मुळी 2023 मध्ये सांगलीत पहिल्यांदा झाली, प्रतीक्षा बागडी पहिली मानकरी. म्हणजे या हॉलमधल्या मुलींना पायात बळ आलं तेव्हा त्यांच्यासाठी अशी गदा अस्तित्वातच नव्हती. आता दोन मुली भिंतीशी बसून भाग्यश्रीच्या कुस्तीचा व्हिडिओ बघताहेत, थांबवून, मागे नेऊन, पुन्हा.

डाव्या भिंतीला बायका आहेत. शिक्षिका सोडल्या तर मोजून चार. या भागात गावच्या जत्रेला कुस्त्यांचा हगामा भरतो. पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्यांपासून शेवटच्या मोठ्या कुस्तीपर्यंत सगळं गाव आखाड्याभोवती बसतं, असं आपण म्हणतो. त्या गावात बायका धरलेल्या नसतात. पहिलवानाच्या आईनं पहाटे धार काढायची, दूध तापवायचं, मातीनं भरलेले कपडे धुवायचे, आणि जिंकला की ओवाळायचं. कुस्ती मात्र बघायची नाही. शाळेच्या स्पर्धेनं हॉल आणला, मॅट आणली, मुलींचे गट आणले. आईला आत यायला आता कुणाची आडकाठी नाही. तरीही चारच.

त्या चौघींतली एक दारातच थांबलेली आहे. हिरवं लुगडं नाही, साधी छापील साडी, हातात पिशवी, चपला काढायच्या की नाही याचा विचार चाललेला. कुणीतरी म्हणतं, "ताई, या की आत. मॅटवर नका पाय देऊ, बाकी कुठंबी बसा." ती अंग चोरून बसते. तिची मुलगी निळ्या पोशाखात पुढे येते आणि आईसमोर पाठ करून बसते. आई पिशवीतून कंगवा काढते आणि दोन घट्ट वेण्या घालते. रबर चार वेळा गुंडाळते. मी विचारतो, पहिल्यांदाच आलात का. "व्हय. हिचे पप्पा येत्यात दरवेळी. आज उसाचं काम लागलंय त्यांचं." मग थोडं थांबून, "मला बघवत नाही हो. घरी सांगते ना ती, तेवढं ऐकते."

36 किलोची लढत पुकारली जाते. लाल आणि निळी. मुख्य पंचांच्या एका मनगटावर लाल पट्टा, दुसऱ्यावर निळा. हात मिळवून होतात, शिट्टी वाजते.

लाल मुलगी चपळ आहे. पहिल्या अर्ध्या मिनिटातच ती एकेरी पट काढते. निळी पोटावर येते. पंचांचा लाल पट्ट्याचा हात वर, दोन बोटं. आईनं पदर तोंडाशी नेलाय. "लागलं का तिला? लागलं का?" शेजारी बसलेली दुसरी आई, जिची मोठी मुलगी चार वर्षं खेळते आहे, मॅटवरची नजर न काढता म्हणते, "काय नाय लागलं. ताबा घेतला, त्याचे दोन गुण गेले. आता बघ, ती वर येऊ द्यायची नाही तिला." निळी वर येते. ढकलत ढकलत लालला वर्तुळाबाहेर काढते. एक गुण. "हा आपला," शेजारीण सांगते. दोन मिनिटं संपतात. एक विरुद्ध दोन.

विश्रांतीच्या अर्ध्या मिनिटात उजव्या भिंतीकडून ओरडा येतो. लाल मुलीचे कुणी नातेवाईक पंचांवर चिडलेत, बाहेर पाय गेलाच नव्हता म्हणतात. साइड पंच, मॅट चेअरमन दोघंही शांत बसून आहेत. मुलीचे सर उठून त्या गृहस्थांपाशी जातात, हात धरून मागे नेतात. 2025च्या महाराष्ट्र केसरीला नगरच्या वाडिया पार्कवर पंचांच्या निर्णयावरून जे झालं, ते जिल्ह्यातल्या प्रत्येक पोरानं मोबाइलवर पाहिलेलं आहे. पृथ्वीराज मोहोळनं गदा जिंकली, पण शाळांमधून चर्चा जास्त झाली ती वादाची. इथं लाल पोशाखातली मुलगी पाण्याचा घोट घेता घेता आपल्या माणसाकडे बघते आहे. तिच्या चेहऱ्यावर दमणूक नाही, लाज आहे.

दुसरी फेरी. निम्मी फेरी होते, तोच लाल कमरेत हात घालते, निळीला उचलते आणि मोठी फेक करते. धप्प आवाज हॉलभर होतो. चार गुण. आईचे डोळे मिटलेले. शेजारीण तिच्या मांडीवर चापट मारते. "डोळं उघड गं बाई! उठली बघ ती. सहा झाले तिचे, आपला एक. अजून एक मिनिट हाय."

आई डोळे उघडते, आणि पुढचं मिनिट ती मिटत नाही. निळी खाली वाकते, हुलकावणी देते, उजव्या पायाचा पट काढते. दोन. लगेच कमरेला विळखा घालून भारंदाज. लाल पाठीवरून फिरते. आणखी दोन. पाच विरुद्ध सहा. आता आई गुडघ्यांवर उभी आहे. ती ओरडत काहीच नाही, फक्त बोटं मोजते आहे. निळी पुन्हा पटाला जाते, या वेळी लाल सावध आहे, मागे सरकून वरून बसते आणि मागून ताबा घेते. दोन गुण. शिट्टी. आठ विरुद्ध पाच.

पंच लाल मुलीचा हात वर करतात. निळी दोन्ही कोपऱ्यांत जाऊन सरांना नमस्कार करते आणि तोंडावर रुमाल धरून बाहेर येते. प्रत्येक गटातून पहिलीच जिल्ह्याला जाते. हिचं यंदाचं वर्ष इथंच संपलं.

ती बाहेरच्या पायऱ्यांवर बसते. आई पाण्याची बाटली उघडून देते, पण "रडू नको" म्हणत नाही. थोड्या वेळानं विचारते, "शेवटी तू खाली गेली तवा ती मागं कशी आली?" मुलगी रुमाल खाली घेते. आईकडे नीट बघते. मग उठते, "मम्मी, उभी राहा," म्हणते, आणि पायरीखालच्या ओल्या फरशीवर आईचा पाय धरून दाखवते. "माझं डोकं बाहेर राहिलं. असं आत पाहिजे होतं, छातीला. मग तिला फिरता आलं नसतं." आई एका हातानं साडी सावरत, एका हातानं लेकीच्या खांद्याला धरून उभी आहे आणि मान हलवते आहे. दोघींना हसू फुटलंय.

मला इथं जे दिसतं आहे ते मी स्पष्ट लिहितो. बापाच्या हिशेबात आजचा दिवस वाया गेला, कारण जिल्हा हुकला. घरी थांबलेल्या आईच्या मनात आजच्या दिवसाचं नुसतं एक भय राहिलं असतं, पोरगी आपटली. ही आई मात्र इथं होती. तिनं पाहिलं की आपटलेली मुलगी उठते, एक मिनिट उरलेलं असताना चार गुण घेते, आणि हरण्याचं कारण तिला स्वतःला माहीत असतं. बऱ्याच मुलींचा खेळ आठवी-नववीत सुटतो. पाळी येते, पोशाखावर नातेवाईक बोलतात, लांबच्या गावी मुक्कामाला पाठवायचं की नाही असा प्रश्न पडतो. त्या प्रश्नाचं उत्तर घरात आई देते. जिनं कुस्ती पाहिलेलीच नाही, ती भीतीनं नाही म्हणणार. तिचा दोष काय?

याच जिल्ह्यात, संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दला जन्मलेल्या क्रिकेटपटू अजिंक्य रहाणेनं सांगितलेलं आहे की, डोंबिवलीत रिक्षाला पैसे नसायचे तेव्हा आई एका हातात किटबॅग घेऊन आणि धाकट्या भावाला कडेवर घेऊन त्याला सरावाला चालत न्यायची. कौतुकानं आपण ती गोष्ट सांगतो. गावोगावच्या आयांना मात्र मैदानाचा रस्ता आपण दाखवत नाही. पालकसभेला त्यांना बोलावणं जातं, गुणपत्रिकेवर सही त्यांची चालते. स्पर्धेचं बोलावणं वडिलांच्या मोबाइलवर जातं. शाळांनी ते आईच्या नावानं पाठवावं. वस्तादांनी महिन्यातून एक दिवस आयांना तालमीत बसवून गुण कसे मोजतात ते सांगावं. यासाठी अनुदान लागत नाही.

आत 39 किलोची लढत पुकारली गेली आहे. पायरीवर आईचा फोन वाजतो. पलीकडे वडील आहेत. "हरली. आठ-पाच. आवं ऐका तरी, एकनं सहावरनं पाचावर आणलं होतं तिनं. पट काढला, मग ते फिरवत्यात ना, ते बी केलं." पलीकडून काहीतरी विचारलं जातं. आई लेकीकडे बघते, लेक डोळ्यांनी होकार देते. "जाणार की सोमवारपासून तालमीला. आणि आता दर रविवारी मी नेणार तिला. तुमी ऊस बघा." ती फोन ठेवते, पिशवी उचलते, आणि लेकीला घेऊन पुन्हा हॉलमध्ये शिरते. पुढची लढत दोघींना बघायची आहे.