मुंबईत परवडणारे भाड्याचे घर

मुंबईतल्या भाड्याच्या घराची किंमत एका आकड्यात मावत नाही. महिन्याचे भाडे हा तिचा डोळ्यांत भरणारा भाग. डिपॉझिट, दलाली, स्टेशनपर्यंतची शेअर रिक्षा आणि रोज गाडीत जाणारे तास हेही त्याच हिशेबात धरावे लागतात. बदलापूरला निम्म्या भाड्यात मिळालेली जागा फोर्टात नोकरी करणाऱ्याला रोज तीन-साडेतीन तासांना पडते. घरात दोघे कमावते असतील आणि पाळणाघरातून मूल सातच्या आत आणायचे असेल, तर ती जागा मुळीच स्वस्त नसते. कुर्ल्यातली लहान, महाग खोली अशा कुटुंबाला जास्त परवडू शकते. म्हणून शोधाची सुरुवात जाहिराती चाळण्यापासून न करता या बेरजेपासून करावी.

घरे इतकी दुर्मीळ का, याचे उत्तर बरेचसे कायद्याच्या इतिहासात आहे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने बहुतेक जुन्या जागांची भाडी १९४० च्या पातळीला बांधली. महायुद्धानंतरच्या टंचाईत भाडेकरूला आधार देणे आवश्यकच होते. पण भाडी तिथेच राहिली आणि खर्च वाढत गेला. मालकांनी दुरुस्ती सोडली, जागेसाठी वेगळी एकरकमी पागडी घेणे रूढ झाले आणि भाड्याने देण्यासाठी चाळी बांधणे जवळजवळ थांबले. १९७३ मध्ये कायदा बदलला आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी लायसन्सवर, म्हणजे भाडेकरू न ठरता केवळ मालकाच्या परवान्यावर, राहणाऱ्यांनाही भाडेकरूचे संरक्षण मिळाले. 'एकदा आत आलेला माणूस बाहेर निघत नाही' ही धास्ती मालकवर्गात तेव्हापासून मुरली. ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ ने लीव्ह अँड लायसन्सच्या जागेचा ताबा मुदत संपताच परत मिळवण्याची सोय केली, तरी ती धास्ती पूर्ण गेली नाही. २०१७-१८ च्या केंद्रीय आर्थिक पाहणीनुसार २०११ च्या जनगणनेत मुंबईत सुमारे ४ लाख ८० हजार घरे रिकामी होती. देशातल्या शहरांतला हा सर्वांत मोठा आकडा. एवढी घरे कुलूपबंद असताना लोकांनी एकेका खोलीसाठी वणवण करावी, हे या शहराच्या गृहनीतीचे अपयश आहे.

अलीकडे या टंचाईत पुनर्विकासाची भर पडली आहे. चाळीस-पन्नास बिऱ्हाडांची सोसायटी पाडायला निघाली की ती सगळी कुटुंबे एकाच महिन्यात, एकाच परिसरात भाड्याचे घर शोधू लागतात. मुलांची शाळा, म्हाताऱ्यांचा डॉक्टर, सगळे तिथेच असते. त्यांचे भाडे आणि दलाली बिल्डर देतो, त्यामुळे दोन-तीन हजार जास्त मोजायला ती तयार असतात. ज्याला स्वतःच्या पगारातून भाडे द्यायचे आहे, तो अशा गल्लीत मागे पडतो. घर शोधताना आसपास किती इमारतींवर पुनर्विकासाचे फलक लागले आहेत ते पाहावे आणि तसे फलक फार असतील तर एक-दोन स्टेशने पुढे सरकावे.

स्टेशन ठरवताना किलोमीटरपेक्षा गाडी कुठून सुटते याला महत्त्व द्यावे. चर्चगेटपासून बोरिवली सुमारे ३४ किलोमीटरवर आणि विरार ६० किलोमीटरवर आहे. सीएसएमटीपासून डोंबिवली ४८ आणि बदलापूर ६८. पण सकाळी साडेसातला अंतराच्या आकड्याला फारसा अर्थ उरत नाही. डोंबिवली, बदलापूर, बोरिवली, विरार इथून सुटणाऱ्या गाड्यांत बसायला मिळण्याची आशा असते. मधल्या स्टेशनांवर दारात पाय ठेवायलाही जागा नसते. भाड्यातला फरक हजार-दीड हजाराचाच असेल, तर गाडी सुटण्याचे ठिकाण निवडणे शहाणपणाचे. जागा पक्की करण्यापूर्वी एखाद्या सोमवारी किंवा मंगळवारी, कामाच्याच वेळेला, त्या स्टेशनवरून कचेरीपर्यंत जाऊन पाहावे. स्टेशनबाहेरची शेअर रिक्षाची रांगही तेव्हाच दिसते. जाहिरातीतले 'स्टेशनपासून दहा मिनिटे' हे अंतर बहुधा रिकाम्या रस्त्यावर रिक्षाने मोजलेले असते. रांगेतली वीस मिनिटे त्यात धरलेली नसतात.

एकट्याने येणाऱ्यांसाठी या शहरात फार जुना मार्ग आहे, तो म्हणजे वाटून राहण्याचा. गिरणगावात कोकणातल्या आणि घाटावरच्या गावांनी मिळून खोल्या घेतल्या. एकाच गावचे पुरुष पाळीप्रमाणे आलटून पालटून तिथे झोपत आणि जेवण खानावळीत घेत. गोव्याच्या गावांनी धोबीतलाव, माझगाव या भागांत 'कूड' उभारले. बोटीवर जाणाऱ्या गोवेकराला ट्रंक ठेवायला आणि पाठ टेकायला तिथे जागा मिळे. त्यांतले काही कूड आजही चालू आहेत. आताचे रूप म्हणजे 'कॉट बेसिस' आणि पीजी. वन बीएचकेमध्ये पाच-सहा खाटा, प्रत्येकाचे वेगळे भाडे, एक कपाट, एक संडास. नवशिक्याने पहिले काही महिने असे काढणे हा कमीपणा नव्हे. मोठे डिपॉझिट एकदम भरावे लागत नाही आणि शहराची ओळख होते. मात्र पैसे घेणारा स्वतः मालक आहे की भाडेकरू, हे विचारायलाच हवे. घर दुसऱ्या कोणाचे असेल आणि मूळ करारात पोटभाडेकरूची परवानगी नसेल, तर मालक आला की सगळ्यांना सामान उचलावे लागते.

स्वतंत्र घर बहुधा एजंटकडूनच मिळते. ऑनलाइन जाहिरातींतही 'मालक थेट' म्हणणारे बरेच जण एजंटच असतात. रूढ दलाली अकरा महिन्यांच्या करारासाठी एक महिन्याचे भाडे, आणि बहुतेकदा ती दोन्हीकडून घेतली जाते. चांगला एजंट आधी चार प्रश्न विचारतो: बजेट किती, डिपॉझिट किती, फॅमिली की बॅचलर, कधीपासून. या प्रश्नांमागे एक चाळणी असते आणि ती पैशांचीच नसते. बॅचलर चालत नाही, एकटी बाई नको, मांसाहारी नको, अमुक धर्माचा वा जातीचा नको. हे कधी तोंडावर सांगितले जाते, तर कधी 'जागा कालच गेली' असे म्हणून. पैसे हातात असलेल्या माणसाला केवळ आडनावामुळे चार इमारतींतून परत पाठवणे हा अन्याय आहे, आणि 'सोसायटीचा नियम' म्हटल्याने तो न्याय होत नाही. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे घर भाड्याने देताना सभासदाने संस्थेला आगाऊ कळवायचे असते आणि कराराची व पोलीस नोंदीची प्रत द्यायची असते. भाडेकरू निवडण्याचा अधिकार समितीला नसतो. मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचे बिगरभोगवटा शुल्कही सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक घेता येत नाही आणि ते मालकाच्या बिलात येते. ते भाडेकरूच्या गळ्यात मारले जात असेल तर तेवढे भाडे कमी करून मागावे.

जागा पाहायला एजंट बहुधा संध्याकाळी नेतो, दिवे लावून. एकदा दुपारी जावे. वन आरके म्हणजे एक खोली आणि ओटा. तिथे दिवसा दिवा लावावा लागत असेल तर बिलही वाढते आणि मनही विटते. मुंबईचा पाऊस नैऋत्येकडून झोडपतो, म्हणून पश्चिमेची आणि दक्षिणेची भिंत नीट बघावी. एप्रिल-मेमध्ये तेवढ्या एकाच भिंतीला ताजा रंग दिसला, तर मागच्या पावसाळ्यातली ओल त्याखाली असण्याची शक्यता फार. कपाट असेल तर त्यामागे हात घालून भिंत चाचपावी. ओलीने फुगलेला गिलावा बोटाला पोकळ लागतो आणि दाबला की भुसभुशीत होऊन सुटतो. मग बाथरूमच्या छताकडे बघावे. पिवळसर, कडेला तपकिरी झालेले वर्तुळ म्हणजे वरच्या घरातली गळती, आणि तिची दुरुस्ती कोणी करायची यावरून वरचा मालक, खालचा मालक आणि सोसायटी यांच्यात वर्षानुवर्षे वाद चालतात. तळमजल्यावर भिंतीच्या पायथ्याला गुडघाभर उंचीवर आडवी फिकट रेघ दिसली, की तिथे पावसाळ्यात पाणी भरते.

पाण्याची चौकशी एजंटकडे करून उपयोग नाही. वॉचमन, खालचा वाणी किंवा समोरच्या घरातली बाई यांना विचारावे. पाणी सकाळी किती वाजता येते, किती वेळ, टाकीतून की थेट, उन्हाळ्यात टँकर मागवावा लागतो का आणि त्याचे पैसे कोण भरते. घरात भरून ठेवलेली पिंपे, कळश्या, मोरीवर बसवलेली जादा टाकी दिसली तर प्रश्न विचारायचीही गरज उरत नाही. विजेचा मीटर स्वतंत्र आहे का तेही याच फेरीत पाहावे. एका मीटरवर तीन खोल्या असतील तर दर महिन्याला भांडण ठरलेले.

घर पसंत पडल्यावर एजंट टोकन मागतो. ते देण्यापूर्वी मालकी तपासावी. ताजे वीजबिल, मालमत्ता कराची पावती, सोसायटीचे भागप्रमाणपत्र किंवा मेंटेनन्सचे बिल आणि नोंदणी विभागाचा इंडेक्स टू या कागदांवर एकच नाव असायला हवे, आणि तेच नाव समोरच्या माणसाच्या ओळखपत्रावर. झोपडपट्टी पुनर्वसनातली घरे आसपासच्या घरांपेक्षा स्वस्त मिळतात, पण वाटपानंतर ठरावीक वर्षे ती भाड्याने देण्यास कायद्याने मनाई आहे. पडताळणी झाली तर भाडेकरूला बाहेर पडावे लागते आणि दिलेले डिपॉझिट अडकते.

डिपॉझिट हाच सामान्य पगारदाराचा खरा अडथळा. भाडे महिन्याच्या कमाईतून भागते, डिपॉझिट मात्र साठवलेले किंवा उसने असावे लागते. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्याने निवासी घरासाठी ते दोन महिन्यांच्या भाड्यापुरते ठेवले आहे, पण तो राज्यांनी स्वीकारला तरच लागू होतो. महाराष्ट्राच्या १९९९ च्या कायद्यात लायसन्सच्या डिपॉझिटला अशी मर्यादा नाही. त्यातून 'हेवी डिपॉझिट'चा व्यवहार वाढला: पाच-दहा लाख एकरकमी द्यायचे आणि भाडे नाममात्र किंवा शून्य. गावची जमीन विकून किंवा निवृत्तीचे पैसे घालून हे करणारी कुटुंबे आहेत. अनेक मालक ती रक्कम खर्च करून टाकतात आणि पुढचा भाडेकरू आला की त्याच्या पैशांतून आधीच्याचे परत करतात. घरावर बँकेचे कर्ज थकले आणि बँकेने ताबा घेतला तर डिपॉझिटवाला रांगेत शेवटी उभा राहतो. ज्याची सगळी पुंजी तेवढीच आहे, त्याने या व्यवहारात पडू नये.

करार नोंदवलेलाच हवा. १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे तो लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे. जबाबदारी मालकाची असून ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. नोंदणी नसेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूने सांगितलेल्या अटी खऱ्या धरल्या जातात. खर्चाच्या नावाने नोंदणी टाळणाऱ्याला हिशेब करून दाखवावा. अठरा हजार भाडे, अकरा महिने आणि पंचाहत्तर हजार डिपॉझिट असेल, तर मुद्रांक शुल्क एकूण भाडे आणि डिपॉझिटवरचे दहा टक्के व्याज यांच्या बेरजेच्या पाव टक्का, म्हणजे पाचशे रुपयांच्या आसपास येते. महापालिका हद्दीत नोंदणी फी एक हजार. आता हे काम ऑनलाइन, आधार आणि अंगठ्याच्या ठशावर घरबसल्या होते. एजंट याचे चार-पाच हजार सांगतो, त्यातला मोठा भाग त्याच्या सेवेचा असतो. भाडेकरूची माहिती मुंबई पोलिसांच्या संकेतस्थळावर भरता येते. करारात नोटिशीचा काळ, लॉक-इनचे महिने, दुरुस्ती कोणाकडे आणि डिपॉझिट किती दिवसांत परत, हे स्पष्ट लिहून घ्यावे. दुसरी बाजूही लक्षात ठेवावी: मुदत संपूनही जागा न सोडणाऱ्याकडून कलम २४ प्रमाणे दुप्पट दराने भरपाई घेता येते.

स्वतःचे घर घेण्याचा स्वस्त मार्ग म्हणजे म्हाडाची सोडत. मुंबई महानगर प्रदेशात वर्षाला सहा लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेले अत्यल्प गटात आणि नऊ लाखांपर्यंतचे अल्प गटात बसतात. २०२३ साली मुंबई मंडळाच्या ४०८२ घरांसाठी एक लाखाहून अधिक अर्ज आले. अधिवास प्रमाणपत्र आणि उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवून दर वेळी अर्ज जरूर करावा, पण तोपर्यंत राहायचे आहे ते भाड्यानेच.

ताबा घेताना रिकाम्या घराचे, भिंतींचे, नळांचे आणि मीटरच्या आकड्याचे फोटो काढून मालकाला त्याच दिवशी पाठवावेत. सोडताना डिपॉझिटमधून 'रंगाचे पैसे' कापण्याची रीत आहे, तेव्हा हे फोटो उपयोगी पडतात. आणि डिपॉझिट कितीही ओळखीच्या माणसाला द्यायचे असो, ते रोख देऊ नका. बँकेतून द्या आणि त्या व्यवहाराचा क्रमांक करारात लिहून घ्या.