नर्सबाईंची सरकारी नावे

सरकारी कागदावरचे नाव आणि लोकांच्या तोंडचे नाव यांची गाठ आपल्याकडे क्वचितच पडते. कलेक्टरसाहेबांचे जिल्हाधिकारी होऊन कैक वर्षे लोटली, तरी म्हातारी माणसे अजून 'कलेक्टर कचेरी'च म्हणतात. त्यात बिघडत काही नाही. साहेबांचा अधिकार दोन्ही नावांत तेवढाच राहतो. परंतु आपल्या ग्रामीण आरोग्यखात्यात एक पेशा असा आहे की, त्याचे नाव बदलता बदलता त्यातले कसबच नावातून गळून पडले. तो पेशा म्हणजे खेड्यातल्या नर्सबाईंचा.

पुण्याहून नगरच्या रस्त्याने गेले की शिरूर लागते, आणि सोलापूरच्या लोहमार्गाने गेले की दौंड. या दोन तालुक्यांच्या मधून भीमा वाहते. शिरूरहून न्हावऱ्यावरून चौफुल्याकडे जाऊ लागलात, की दुतर्फा ऊस आणि मधूनमधून गावे. सपाट मुलखात साधारण पाच हजार वस्तीला एक आरोग्य उपकेंद्र, असा सरकारी हिशेब आहे. गरोदर बाईची नोंद, तिचा रक्तदाब, अडल्या वेळी बाळंतपण, तान्ह्या मुलांच्या लसी, कुटुंबनियोजनाचा सल्ला आणि या सगळ्यांची रजिस्टरे, एवढा भार तिथल्या बाईंवर असतो. ऊसतोडीच्या हंगामात बाहेरगावच्या टोळ्या उतरल्या, की फडावरच्या मुलांच्या लसीही त्यांनाच शोधत जाव्या लागतात.

आता या भागातल्या एखाद्या फाट्यावर उतरून 'आरोग्य सेविका कुठे राहतात?' असे विचारून पाहा. समोरचा गृहस्थ क्षणभर घुटमळेल. 'नर्सबाई' म्हणा, की शाळकरी पोरही दारापर्यंत पोहोचवील!

गंमत अशी की, मुळात सरकारही त्यांना नर्सच म्हणत होते. १९४६ साली भोर समितीचा अहवाल आला, १९४७ मध्ये भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला, आणि पुढच्या दशकात खेड्यांसाठी 'ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ', म्हणजेच ए. एन. एम., हा शिक्षणक्रम रूढ झाला. मराठीत ती 'साहाय्यकारी परिचारिका-प्रसाविका' झाली. नाव लांबलचक खरे, पण बाईंना काय येते ते त्यात चोख सांगितले होते: आजाऱ्याची शुश्रूषा आणि बायकांची सुटका. खटकणारा शब्द एकच, 'साहाय्यकारी'. रात्री दोन वाजता वस्तीवर कळा देणाऱ्या बाईपाशी एकट्याच बसलेल्या नर्सबाई कोणाच्या साहाय्यकारी, हे कोडे काही मला उलगडलेले नाही.

मग १९७३ साली कर्तार सिंग समितीचा अहवाल आला. देवीच्या लशीला एक माणूस, हिवतापाला दुसरा, कुटुंबनियोजनाला तिसरा, असे एकाच घराचे उंबरे झिजवणारे अनेक कर्मचारी ठेवण्यापेक्षा बहुउद्देशीय कामगार नेमावेत, अशी तिची शिफारस होती. विचार व्यवहाराचा होता, यात शंका नाही. परंतु त्या ओघात ए. एन. एम.ना 'स्त्री आरोग्य कार्यकर्ती' म्हणावे, असेही ठरले. परिचारिका गेली, प्रसाविकाही गेली. आपल्याकडे उरली ती 'आरोग्य सेविका'. जिल्हा परिषदांच्या जाहिरातींत तर 'आरोग्य सेवक (महिला)' असा अजब प्रयोग छापून येऊ लागला. पद पुल्लिंगी आणि बाई कंसात!

कोणी म्हणेल, 'सेविका' या शब्दात वाईट ते काय? वाईट काहीच नाही. पण सेवा कोणीही मनोभावे करू शकतो, परिचर्या मात्र शिकावी लागते. सुश्रुतसंहितेत वैद्य, रोगी, औषध आणि परिचारक असे चिकित्सेचे चार पाद मानले आहेत. परिचारकाला वैद्याच्या पंक्तीला बसवले आहे. आणखी एक घोटाळा असा की, १९७५ पासून अंगणवाडीतही 'सेविका' आल्या. त्यांचे काम मोलाचेच, पण ते वेगळे. दोघींना एकच शब्द चिकटला, आणि नर्सबाईंची परीक्षा, त्यांची परिषदेकडची नोंदणी लोकांच्या नजरेआड झाली.

इस्पितळातल्या भगिनींची वाट निराळी. १९६० साली स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने पदनामांचा कोश सिद्ध केला. 'अधिपरिचारिका', 'परिसेविका', 'अधिसेविका' अशा चढत्या पायऱ्या मराठीत आहेत. पुढे २०१६ साली केंद्र सरकारने आपल्या रुग्णालयांतील 'स्टाफ नर्स'चे 'नर्सिंग ऑफिसर' केले. खेड्यातल्या बाईंनाही अखेर थोडा न्याय मिळाला: २०२३ च्या जिल्हा परिषद भरतीत 'आरोग्य परिचारिका' हे नाव पुढे आले, आणि जुने 'आरोग्य सेवक (महिला)' कंसात गेले.

दौंड तालुक्यातल्या केडगावी पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे. याच रमाबाईंनी, केडगावी येण्याच्या कितीतरी आधी, १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे साक्ष देताना स्त्री-डॉक्टरांची मागणी केली होती. आपली दुखणी पुरुषाला सांगण्यापेक्षा बायका मरण पत्करतात, हे त्यांना ठाऊक होते. खेडुतांच्या 'नर्सबाई' या हाकेत तोच विश्वास आहे: ही शिकलेली आहे, आणि आपल्यातली बाई आहे.

नावांचा सुकाळ मात्र अजून चालूच आहे. २०१८ पासून उपकेंद्रांत 'समुदाय आरोग्य अधिकारी' येऊ लागले. २०२३ च्या अखेरीस केंद्राने या केंद्रांना 'आयुष्मान आरोग्य मंदिर' म्हणायचे ठरवले. मंदिर झाले, अधिकारी आले. पण त्याच छपराखाली एक नर्सबाई कायम आणि दुसरी कंत्राटी, काम सारखे आणि पगार वेगळे, हा भेद कोणत्या नव्या नावाने झाकणार?

म्हणून माझे मागणे दोनच गोष्टींचे आहे. 'परिचारिका' परत आली, तशी 'प्रसाविका'ही परत यावी. माता आणि मूल सुखरूप राहण्याची पहिली जबाबदारी जिच्यावर, तिच्या नावात ते काम दिसले पाहिजे. आणि जे नाव कायम बाईंच्या नेमणूकपत्रावर असेल, तेच नाव आणि तोच पगार कंत्राटी बाईंच्या पत्रावरही असावा. एवढे झाले, तर फाट्यावरची माणसे त्यांना खुशाल 'नर्सबाई'च म्हणोत.