सेवाग्राम : डॉक्टर घडवणारी गावं

वर्ध्याजवळच्या सेवाग्रामचं महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान १९६९ साली, म्हणजे गांधीजन्मशताब्दीच्या वर्षी, डॉ. सुशीला नायर यांनी उभं केलं. ग्रामीण भागासाठी डॉक्टर घडवणारं देशातलं हे पहिलं वैद्यकीय महाविद्यालय. खादीचा पोशाख इथे आजही टिकून आहे.

नव्या विद्यार्थ्यांची सुरुवात शवविच्छेदनाच्या टेबलापासून होत नाही. आधी काही दिवस गांधीजींच्या आश्रमात मुक्काम, मग पहिल्याच वर्षी एका खेड्यात पंधरा दिवसांचं शिबिर. प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते आणि प्रत्येक विद्यार्थ्याकडे त्यातली काही कुटुंबं सोपवली जातात. शिबिर संपलं तरी त्या घरी जाणं सुटत नाही. कुपोषण, रक्तक्षय, पिण्याचं पाणी हे विषय पुस्तकाआधी इथे माणसांच्या रूपात भेटतात. वैद्यकीय शिक्षणाची याहून चांगली सुरुवात सापडणं कठीण.

उपचारांच्या खर्चावरही संस्थेने गावातूनच वाट काढली. सुगीनंतर प्रत्येक घराने ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यायची आणि त्या बदल्यात संस्थेच्या कस्तुरबा रुग्णालयात सवलतीत उपचार घ्यायचे. डॉ. उल्हास जाजू यांचं नाव या आरोग्य विमा योजनेशी कायमचं जोडलं गेलं आहे.

संशोधनाचे विषयही परिसरातलेच. विदर्भात हत्तीरोगाचा त्रास जुना, डॉ. भास्कर हरिनाथ यांच्या प्रयोगशाळेने रक्त तपासून त्याचं निदान करण्यावर अनेक वर्षं काम केलं.

मेळघाटात धारणीजवळच्या उतावली इथेही संस्थेचं रुग्णालय आहे. माता आणि बालकांची सेवा हे तिथलं मुख्य काम.