झऱ्याचा डोळा आणि वरचा सडा

कोकणात पावसाळ्यात 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि मे महिन्यात तिथल्याच कित्येक वाड्यांवर टँकर येतो, याचे आता कुणाला नवल वाटत नाही. अशा टंचाईत ज्या वाडीला डोंगरातला बारमाही झरा आहे ती भाग्याचीच. वीज नको, पंप नको. उतारावरून पाइप आणला की पाणी आपल्या पायांनी दारात येते. या भाग्यापोटीच एक समज घट्ट बसला आहे, की डोंगरातून आलेले पाणी म्हणजे निसर्गानेच गाळून दिलेले पाणी. झऱ्याची योजना निघाली की सगळी चर्चा पाइपच्या व्यासाभोवती आणि टाकीच्या आकाराभोवती फिरते. पाण्याचे बरेवाईट मात्र या दोन्हींच्या वर, झऱ्याच्या डोक्यावर ठरलेले असते.

रत्नागिरी-सिंधुदुर्गातला सडा म्हणजे जांभ्याचे पठार. जांभा भोकाभोकांचा; पावसाचे पाणी तो घटाघटा पितो. त्याच्याखाली शेडीचा चिकण थर असतो, तो पाण्याला खाली जाऊ देत नाही. मग पाणी आडवे सरकते आणि सड्याच्या कडेला, उतारावर जिथे हा थर उघडा पडतो, तिथे बाहेर येते. बारीक वाळूतून झिरपणारे पाणी रेंगाळते, गाळले जाते; जांभ्याच्या भोकांतून आणि भेगांतून ते नुसते वाहत येते. म्हणून जोराच्या सरीनंतर काही तासांतच झरा गढुळला, तर ते वरचेच ताजे पाणी आहे, गाळले गेलेले नाही, असे समजावे.

यावर हमखास येणारे उत्तर म्हणजे, आजे-पणजे हेच पाणी पीत आले, त्यांना काय झाले? एक तर, काय काय झाले याची नोंद कुणी ठेवलेली नाही. पटकी आणि विषमज्वर काही नळ आल्यावर जन्मले नाहीत. दुसरे, आजोबांच्या वेळी सड्यावर घरे नव्हती. आज तिथे वस्ती आहे, संडास आहेत आणि त्यांचे शोषखड्डे थेट जांभ्यात खणलेले आहेत. स्वच्छतेसाठी बांधलेला खड्डा चुकीच्या जागी असला, तर त्यातली घाण खालच्या वाडीच्या हंड्यात उतरू शकते. तेव्हा पहिली शुद्धीकरण योजना म्हणजे सड्यावर कुठे काय बांधायचे, गोठा कुठे हलवायचा, याचा निर्णय. तो फुकट आहे, आणि बहुधा म्हणूनच अवघड. शेजाऱ्याला सांगण्यापेक्षा फिल्टर विकत घेणे सोपे जाते.

दुसरे काम झऱ्याच्या डोळ्यापाशी, म्हणजे पाणी जिथे बाहेर येते तिथे. उघड्या डबक्यात पाइप सोडून वर झापे टाकणे म्हणजे बंदोबस्त नव्हे. डोळ्यामागची माती पक्क्या थरापर्यंत काढून तिथे धुतलेले दगडगोटे भरायचे, पुढच्या बाजूने भिंत घालायची, वर कुलपाचे झाकण, तळाशी गाळ काढायला वेगळा पाइप आणि उताराच्या वरच्या अंगाला पावसाचे पाणी वळवणारा चर. जादा पाणी बाहेर सोडणारे तोंड मात्र डोळ्याच्या पातळीखालीच हवे. पाणी तुंबवून जास्त मिळेल या हिशेबाने भिंत उंच केली, तर उलट्या दाबाने झरा वाट बदलतो आणि कोरडी कुंडी तेवढी हाती राहते.

एवढे करूनही क्लोरीन चुकत नाही. 10,000 लिटरच्या टाकीला 33 टक्के क्लोरीनची ताजी टीसीएल (ब्लीचिंग) पावडर साधारण 60 ग्रॅम लागते. ती घातल्यावर अर्धा तास थांबायचे आणि शेवटच्या नळाला ओटी (ऑर्थोटोलिडिन) चाचणीत पिवळी झाक येते का ते पाहायचे, लिटरमागे 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन तिथे उरला पाहिजे. वासाची तक्रार खरी आहे, पण भांड्यात तासभर पाणी उघडे ठेवले की वास बराच कमी होतो. गढूळ पाण्यात मात्र क्लोरीन वाया जातो, जंतू मातीच्या कणाआड लपतात. त्यासाठी आधी संथ वाळू गाळणी हवी. 200 माणसांच्या वाडीला जेमतेम 5 चौरस मीटरची पुरते. घरोघरी आरओ बसवण्याचा आग्रह मात्र इथे अनाठायी आहे. जांभ्यातल्या पाण्यात क्षार मुळातच थोडे. ते काढण्यासाठी अर्ध्याहून जास्त पाणी मोरीत सोडणे हा टंचाईच्या गावाला न परवडणारा शौक आहे. या पाण्याचा दोष बहुधा उलटा, म्हणजे किंचित आम्लतेचा असतो. ते लोखंडी पाइप खाते, म्हणून एचडीपीईचा काळा पाइप बरा.

आता मोजमाप. जलजीवन मिशनच्या हिशेबाने माणशी रोज 55 लिटर धरले, तर 200 माणसांना 11,000 लिटर हवे. रात्रीचे पाणी साठवायला टाकी असली, तर त्यासाठी 20 लिटरची बादली 157 सेकंदांच्या आत भरली पाहिजे. दिवाळीत झरा फुगलेला असतो, तेव्हाच्या आकड्यावर पाइप घेऊ नका. मेच्या शेवटच्या आठवड्यात बादली आणि घड्याळ घेऊन जा.