पुढची तपासणी कुठे, कशी? आधी तिला विचारू या



स्तनाच्या कर्करोगाचे उपचार पूर्ण झाले की घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात. शस्त्रक्रिया झाली, केमो झाली, रेडिएशनचा शेकही झाला. आता काम संपले असे सर्वांना वाटते. परंतु त्यानंतर अनेक वर्षे चालणाऱ्या तपासण्या हाही उपचाराचाच भाग आहे. धडगाव भागातील आपल्या दवाखान्यात परिचारिका म्हणून काम करताना या तपासण्यांविषयी मी जे शिकले, ते आज आपल्याला सांगते.

चार वर्षांपूर्वी एका पावरा बहिणीची मुंबईची तारीख जवळ आली होती. आपल्या देणग्यांतून तिकिटे काढली आणि पाड्यावरून तिला आणायला जीप पाठवली. जीप रिकामी परत आली. घराला कुलूप होते. सारे कुटुंब ऊसतोडीला गुजरातमध्ये गेले होते. मला राग आला. एवढी धडपड कोणासाठी, असे मनात आले.

होळीला ती गावी आली तेव्हा मी पाड्यावर गेले. रोजची गोळी चार महिने बंद होती. मी बोलायला सुरुवात करणार तोच ती म्हणाली, “सिस्टरबाई, मुकादमाची उचल घेतली होती, जावंच लागलं. मुंबईला जाऊन यायला तीन दिवस मोडतात. तिथे दर वेळी नवा डॉक्टर, आणि बोलतो ते मला कळत नाही. तारीख तुम्ही ठरवलीत. मला कुठे विचारलंत?”

तिचे म्हणणे खरे होते. भाडे, गाडी, मुक्काम यांची सोय आम्ही केली होती. तिला काय जमेल हे मात्र विचारले नव्हते.

बहिणी काय म्हणाल्या

त्यानंतर आमच्या यादीतील नऊ जणींना मी एकेक करून भेटले. उत्तरे सारखी नव्हती. बहुतेकींना दर वेळी तपासणारी व्यक्ती एकच हवी होती, ती बाई असावी आणि पावरी किंवा भिली समजणारी असावी. तारीख पेरणी-कापणी आणि ऊसतोड पाहून द्यावी, असे अनेकींनी सांगितले. दोघींना मात्र मुंबईच हवी होती. “ज्यांनी वाचवलं त्यांनीच बघावं,” असे त्यांचे म्हणणे. आणि जवळजवळ सगळ्यांनी विचारले, “मोठ्या मशीनमध्ये दर वेळी का घालत नाहीत?”

तपासणीत काय असते

या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आपणही जाणून घ्यावे. उपचारानंतर साधारणपणे पहिली तीन वर्षे दर तीन ते सहा महिन्यांनी, पुढची दोन वर्षे सहा ते बारा महिन्यांनी आणि नंतर वर्षातून एकदा तपासणी होते. डॉक्टर विचारपूस करतात. छाती, काख, मान हाताने तपासतात. उरलेल्या स्तनाची मॅमोग्राफी वर्षातून एकदा होते. काही त्रास नसताना दर वेळी सीटी किंवा हाडांचा स्कॅन करून आयुष्य वाढत नाही. 1994 साली इटलीतील दोन मोठ्या अभ्यासांत हेच दिसून आले.

ज्यांच्या गाठीची वाढ हार्मोनवर अवलंबून असते, त्यांना टॅमॉक्सिफेनसारखी गोळी किमान पाच वर्षे रोज घ्यावी लागते. बरे वाटते म्हणून ती सोडणे धोक्याचे असते.

मग तपासणी मोठ्या रुग्णालयातच व्हायला हवी का? कॅनडात 968 स्त्रियांचा अभ्यास 2006 साली प्रसिद्ध झाला. त्यांचा आजार सुरुवातीच्या टप्प्यात सापडला होता. काहींची तपासणी कर्करोगतज्ज्ञांकडे झाली, काहींची नेहमीच्या डॉक्टरांकडे. आजार उलटल्याने होणाऱ्या गंभीर त्रासांत फरक दिसला नाही. इंग्लंडमध्ये 2009 च्या अभ्यासात प्रशिक्षित परिचारिकांनी फोनवरून विचारपूस केली. त्या स्त्रियांची काळजी वाढली नाही, उलट त्या अधिक समाधानी होत्या. आपल्या डोंगरात फोनला रेंज मिळत नाही, त्यामुळे ती पद्धत जशीच्या तशी इथे चालणार नाही. पण जवळची तपासणी म्हणजे कमी दर्जाची तपासणी नव्हे, एवढे यातून कळते.

आता आम्ही काय करतो

मुंबईच्या डॉक्टरांच्या संमतीने प्रत्येकीचे वेळापत्रक तिच्याशी बोलून ठरवतो. मधल्या तपासण्या आपल्या दवाखान्यात बाजाराच्या दिवशी होतात. तपासणाऱ्या डॉक्टरबाई त्याच असतात. मॅमोग्राफीसाठी वर्षातून एकदा, स्थलांतराच्या आधी, मुंबई. ऊसतोडीला निघण्यापूर्वी पूर्ण हंगामाच्या गोळ्या सोबत देतो. ज्या दोघींना मुंबईच हवी, त्यांना आम्ही मुंबईलाच नेतो.

प्रत्येकीला चित्रांचे एक कार्डही देतो. छातीवर, व्रणाजवळ किंवा काखेत नवी गाठ, न थांबणारी हाडांची किंवा पाठीची दुखी, धाप, बरा न होणारा खोकला, हात सुजणे, पाळी गेल्यानंतर अंगावरून जाणे. यांतले काही दिसले तर तारखेची वाट न पाहता यायचे. काखेतल्या गाठी काढलेल्या बाजूच्या हाताला विळा लागला तर जखम लगेच धुवायची, हेही त्यात आहे.

हे कार्ड एका बहिणीपर्यंत उशिरा पोहोचले. तपासणीला येणे तिने कधीच सोडले होते. सहा महिने पाठ दुखत होती आणि ती मोळ्यांच्या ओझ्याचे दुखणे समजत राहिली. ती आता आपल्यात नाही. लवकर आली असती तर निदान वेदना तरी कमी करता आल्या असत्या. ती का येत नाही, हे तिला कोणीच विचारले नव्हते, मीही नाही.

ऊसतोडीला गेलेली ती पहिली बहीण आता वेळेवर येते. गेल्या दिवाळीनंतर निघताना तिने स्वतःच गोळ्यांची पाकिटे मोजून घेतली आणि म्हणाली, “सिस्टरबाई, होळीला भेटू.”

आपल्या देणग्यांतून आजही तिकिटे काढली जातात, गोळ्या घेतल्या जातात. आपल्या मंडळीत, शेजारात अशी कोणी बहीण असेल, तर तिला सोबत करण्याआधी एवढे विचारा: “तुला कधी आणि कुठे जाणं जमेल? सोबत कोण हवं?” आणि तिचे उत्तर ऐकून मगच तारीख घ्या.